वादळ कापा, वाट पाहणं कापू नका: दर्यावरचा सिनेमा करणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींना खुलं पत्र

प्रिय मुलामुलींनो,

गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी तुम्ही कर्वे रस्त्याजवळच्या एका छोट्या हॉलमध्ये तुमच्या सिनेमाची चौदा मिनिटं दाखवलीत. दर्यात हरवलेल्या पाच मच्छीमारांची गोष्ट. पडद्याच्या जागी पांढरी चादर होती, खुर्च्या मांडववाल्याच्या होत्या. शेवटी तुमची दिग्दर्शिका माईक घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पैसे कमी आहेत, पण बरंच चित्रीकरण अजून बाकी आहे. काय चुकतंय ते मोकळेपणानं सांगा." लोक कॅमेऱ्याबद्दल बोलले, संगीताबद्दल बोलले. मी तिसऱ्या रांगेत होते. बोलायचं खूप होतं, पण घसा असा दाटून आला की एक शब्द फुटला नाही. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचावं असं लिहिते आहे, कारण समुद्रावर सिनेमा करायला पुण्यातून निघालेले तुम्ही काही शेवटचे नाही.

मी हर्णैची. दापोली तालुक्यातलं हे बंदर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. संध्याकाळी वाळूवरच मासळीचा लिलाव होतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. माझे बाबा तांडेल होते, म्हणजे होडी चालवणाऱ्या खलाशांचे म्होरके. नोकरीच्या निमित्तानं मी पुण्यात आले त्याला सत्तावीस वर्षं झाली. मासे आता गणेश पेठेतून आणते, पण टीव्हीवर "मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" हे वाक्य आलं की अजून हातातलं काम थांबतं.

आधी आवडलेलं सांगते. तुमचा म्हातारा तांडेल मासा साफ करता करता डोळे पुसतो, ते तळहाताच्या मागच्या बाजूनं. बोटांना खार लागलेला असतो म्हणून. हे तुम्ही कुठे पाहिलंत माहीत नाही, पण ते बघूनच मी सरसावून बसले.

आता चुकलेलं. हाच तांडेल रात्री पोराला ध्रुवतारा दाखवतो तेव्हा मान पार मागे टाकून थेट डोक्यावर बोट करतो. कोकणातून ध्रुव तिथे कधीच दिसत नाही. आपला किनारा 18 अक्षांशाच्या आसपास आहे, म्हणून ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून साधारण 18 अंशांवर असतो. बाबा हात लांब करून मुठीवर मूठ ठेवत मोजायचे. हर्णैसमोर पाण्यापासून ध्रुवापर्यंत दोन मुठींना किंचित कमी. होडी दक्षिणेला वाहत गेली की ध्रुव खाली उतरतो, उत्तरेला गेली की वर चढतो. पुण्याचा अक्षांश जवळजवळ तोच, तेव्हा आज रात्री गच्चीत जाऊन तुम्हीच मोजून बघा. मुठी मोजणारा तांडेल दाखवायला एक पैसा लागत नाही.

याहून मोठी चूक दिशेची आहे. चौदा मिनिटांत तुमची माणसं एकमेकांना तीनदा विचारतात, "घर कुठल्या बाजूला असेल?" हा प्रश्न आमच्याकडचा खलाशी विचारणार नाही. आपला किनारा उत्तर-दक्षिण पसरलेला आहे. सूर्य पाण्यात बुडतो आणि रोज सकाळी घराच्या बाजूनं उगवतो. जमीन दिसत नसली तरी ती कुठे आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. ठाऊक असून जाता येत नाही, कारण इंजिन मेलेलं असतं. दर्यात हरवणं म्हणतात ते हे.

मी चौथीत असताना बाबांची होडी पाच दिवस अशी वाहत होती. नोव्हेंबर महिना होता, वादळ नव्हतं, आभाळ स्वच्छ होतं. जाळ्याची दोरी पंख्यात गुंडाळली गेली, सोडवण्याच्या खटपटीत पंख्याचा दांडा वाकला आणि इंजिन बंद. वायरलेस नव्हता, मोबाईलचा तर प्रश्नच नव्हता. बाबा सांगायचे, रात्री जमिनीवरून येणारा मतलई वारा होडीला किनाऱ्यापासून लांब न्यायचा आणि दुपारी समुद्राकडचा वारा सुटला की होडी थोडी परत यायची. रोज दुपारी वाटायचं, आज लागतोय किनाऱ्याला. रोज पहाटे कळायचं की काल होतो त्याच्याही पुढे गेलोय. तुमच्या सिनेमाला वादळाची गरज आहे असं तुम्हाला का वाटतं? हे दोन वारे पुरेसे आहेत.

आणि आवाज. इंजिन बंद पडल्यावर बाबांना सगळ्यात आधी ऐकू आला तो टोपांचा आवाज. होडी पुढे जात असते तोवर ती लाट कापत जाते. इंजिन थांबलं की ती लाटेला आडवी होते आणि या कुशीवरून त्या कुशीवर लोळायला लागते. आत जेवणाची भांडी होती. एक ॲल्युमिनियमचा टोप या फळीवरून त्या फळीवर घरंगळत जायचा, आपटायचा, परत यायचा. दिवसभर, रात्रभर. दुसऱ्या दिवशी कुणाला सहन होईना म्हणून सगळी भांडी दोरीनं बांधून टाकली. पुढे कितीतरी वर्षं आमच्या स्वयंपाकघरात एखादं पातेलं हातून सुटून लोळलं की बाबा काही न बोलता उठून अंगणात जायचे. तुमच्या चौदा मिनिटांत समुद्राचा आवाज म्हणून मोठमोठ्या लाटांची गर्जना आहे. ती काढा. एक टोप घ्या.

होडी आडवी होऊ नये म्हणून तांडेल काय करतो, तेही दाखवा. नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून, जाळं आणि दोर पाण्यात सोडतात. त्या ओझ्यानं होडीचं तोंड लाटेकडे राहतं. पण ते जाळं लाखमोलाचं असतं, बहुतेक वेळा कर्जावर घेतलेलं. ते तुटलं तर जिवंत परत येऊनही घर बुडालंच. नाखवा, म्हणजे होडीचा मालक, किनाऱ्यावर, जाळं त्याचं, जीव खलाशांचा. जाळं सोडायचं की राखायचं, यावर होडीत जी बाचाबाची होते तिच्यात पाचही माणसं कोण आहेत ते कळतं. तुमच्या पटकथेत ती माणसं बायका-पोरांच्या आठवणी सांगत बसली आहेत. भुकेला, तहानलेला माणूस आठवणी सांगत नाही. तो दोरीवरून भांडतो.

पाण्याबद्दल थोडं. तुमचा तरुण खलाशी दुसऱ्याच दिवशी समुद्राचं पाणी पितो आणि वेडा होतो. समुद्राचं पाणी पिऊ नये हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लिटरमागे सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. ते मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यायलेल्यापेक्षा जास्त पाणी खर्च करावं लागतं, म्हणून तहान उलट वाढते. माणूस ते पितो, पण अगदी शेवटी, सगळे उपाय संपल्यावर. आणि उपाय असतात. मासळीसाठी नेलेला बर्फ असतो. बाबांच्या होडीत प्यायचं पाणी तिसऱ्या दिवशी संपलं, मग खणातला, म्हणजे होडीच्या पोटातल्या मासळी ठेवायच्या कप्प्यातला, बर्फ वितळून खाली साठलेलं पाणी त्यांनी फडक्यानं गाळून प्यायलं. मासळीचं रक्त आणि खवले मिसळलेलं, लालसर, वासाचं. वाटीनं मोजून, प्रत्येकाला सकाळी एक आणि संध्याकाळी एक. वाटी धरायचा मान सगळ्यात धाकट्याला होता, म्हणजे कुणाला संशय नको. हे बाबांनी आम्हाला एकदाच सांगितलं.

पाचव्या दिवशी गुजरातकडच्या एका ट्रॉलरनं त्यांना पाहिलं. होडीत उभ्या माणसाची नजर पाण्यावर पाच-सहा किलोमीटरच पोचते. त्या ट्रॉलरची वाट थोडी इकडेतिकडे असती तर मी हे पत्र वेगळं लिहिलं असतं.

आणि तो पाऊस. तुमची माणसं संक्रांतीच्या तिळगुळाबद्दल बोलतात आणि पुढच्याच प्रसंगात मुसळधार पाऊस येऊन त्यांना वाचवतो. आपल्या किनाऱ्यावर जानेवारीत असा पाऊस नसतो. जुलै 2019 मध्ये बंगालच्या काकद्वीपचा एक मच्छीमार होडी उलटल्यावर पाच दिवस पाण्यात तरंगत राहिला आणि चितगावजवळ बांगलादेशच्या जहाजानं त्याला वर काढलं. तो पावसाच्या पाण्यावर जगला, पण तो जुलैचा बंगालचा उपसागर होता. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. पाऊस हवाच असेल तर गोष्ट भाद्रपदात न्या. नाहीतर पाऊस सोडून द्या आणि कोरडं, निळं, सुंदर आभाळ दाखवा, ज्यातून काहीच पडत नाही. मला विचाराल तर हा दुसरा पर्यायच घ्या. वारा-पावसाची शंका असेल तर लांब जायला नको. शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 मध्ये सिमल्याहून तिथेच आलं होतं. पुण्याला समुद्र नाही, पण समुद्रावरच्या वाऱ्यांचा हिशेब पुण्यात किती वर्षं ठेवला जातोय!

होडीत कोण असतं, यावरही विचार करा. तुमचे पाचही जण कोळी, पाचही जण एकाच बोलीत बोलणारे. हर्णैला कोळी आहेत तसे दालदी मुसलमानही पिढ्यान्पिढ्या दर्यावर आहेत. आणि आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या होड्यांवर बघाल तर नेपाळहून आलेली पोरं मोठ्या संख्येनं खलाशी म्हणून दिसतील. डोंगरातली मुलं, इथे येईपर्यंत समुद्र न पाहिलेली. अशी होडी हरवली की त्या पोराच्या घरी कळवायचं कुणी आणि कसं, कधीकधी त्याचं पूर्ण नावसुद्धा बंदरावर कुणाला माहीत नसतं. पाचातला एक तसा करा. तुमची गोष्ट आपोआप मोठी होईल.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते. तुमच्या सिनेमात किनारा नाही. सुरुवातीला एक बाई आरती ओवाळते आणि शेवटी तीच बाई धावत येते. मधल्या वेळात ती कुठे असते?

नोव्हेंबर 2009 मध्ये फयान वादळ आलं. 11 तारखेला ते अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला लागलं. रत्नागिरीकडच्या एका बंदरातून दोन दिवस आधी गेलेल्या होडीवर माझ्या मावशीचे यजमान होते. होडीवर वायरलेस नव्हता. होडी आली नाही, फळकुट आलं नाही, माणूस आला नाही. मावशी तेव्हा चाळिशीची होती. आम्ही धावत गेलो तेव्हा ती भाकऱ्या थापत होती, नेहमीच्या हिशेबानं, त्यांच्या वाटणीच्या तीन धरून. पुढचे पंधरा दिवस ती तेवढ्याच करत राहिली आणि कुणाची हिंमत झाली नाही सांगायची.

मग सुरू झालं ते तुमच्या कॅमेऱ्यानं बघावं असं मला वाटतं. कुंकू लावायचं की नाही? लावलं तर शेजारणी एकमेकींकडे बघतात, नाही लावलं तर सासू म्हणते, तूच त्याला मारलंस. दहावा-तेरावा नाही. श्राद्ध नाही. हळदीकुंकवाला बोलावतात, पण बोलावणारीचा आवाज अडखळतो. एका कार्यालयात मावशीला सांगितलं गेलं, प्रेत नाही तर दाखला नाही. मच्छीमारांच्या सरकारी अपघात विम्यात आज मृत्यूला 5 लाख रुपये आहेत, पण आधी मृत्यू झाला हे सिद्ध करा. 1872 च्या पुरावा कायद्यातलं कलम 108 असं की, जिवंत असता तर ज्यांना खबर मिळायला हवी होती त्यांना ज्या माणसाची सात वर्षं खबर नाही, तो जिवंत आहे हे तसं म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं. नव्या 2023 च्या कायद्यातही हा नियम आहे. म्हणजे सात वर्षं बाई ना सवाष्ण ना विधवा, आणि सात वर्षांनी तिनंच कोर्टात जाऊन माझा नवरा मेला असं माना म्हणून सांगायचं. उत्तराखंडच्या 2013 च्या प्रलयानंतर बेपत्ता माणसांसाठी सात वर्षं न थांबता दाखले द्यायची वेगळी पद्धत सरकारनं काढली होती. म्हणजे मनात आणलं तर होतं.

मावशीची मुलगी बारावीनंतर शिकायला पुण्यात आली, माझ्याकडे राहिली. प्रवेशाचा फॉर्म तिनं माझ्या ओट्याशेजारच्या टेबलावर बसून भरला. मी कुकर लावत होते. ती मधेच थांबली. म्हणाली, "ताई, इथे काय करू?" वडिलांचं नाव, त्याखाली दोन चौकोन होते: हयात, मयत. एकावर खूण करायची होती. तिनं पेन दोन्हींवर धरून बघितलं. मग नाव व्यवस्थित लिहिलं आणि दोन्ही चौकोन कोरे सोडले. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवरून फॉर्म अपूर्ण म्हणून परत आला. तिनं तिथेच उभं राहून "हयात" वर खूण केली. घरी येऊन मला म्हणाली, "खोटं लिहिलं का गं मी?"

माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

पाच दिवस बाबांना घर कुठे आहे ते माहीत होतं. आम्हाला ते कुठे आहेत हे माहीत नव्हतं. म्हणून म्हणते, हरवलेपण होडीत असतं त्याहून जास्त घरात असतं, आणि तुमच्या सिनेमात घरच नाही. किनाऱ्यावरची बाई दुःखी चेहऱ्यानं क्षितिजाकडे बघत उभी करू नका. तिला वेळ नसतो. तिला मच्छीमार सोसायटीत जायचं असतं, पोलीस पाटलाकडे जायचं असतं, फोटो शोधायचा असतो, ज्यात तो एकटा आणि समोरून दिसतो असा. खलाशी माणसाचा तसा फोटो घरात क्वचित असतो. मावशीनं लग्नाच्या फोटोतून काकांचा चेहरा कापून काढला होता. मुंडावळ्यांसकट.

तुम्ही म्हणाल, पैसे कुठून आणायचे? तुमच्यापैकीच कुणीतरी त्या दिवशी सांगितलं की वादळाचा प्रसंग संगणकावर करून घ्यायला निम्मं बजेट जाणार आहे. मग तो प्रसंगच कापा. प्रेक्षक वादळ विसरतात, अपूर्ण फॉर्म विसरणार नाहीत. घर, कार्यालयाची खिडकी, बंदराचा धक्का, यांना क्रेन लागत नाही. होडीतले प्रसंग तुम्ही धरणाच्या पाण्यावर केलेत, त्यात कमीपणा काही नाही. लॉ कॉलेज रस्त्यावर प्रभात फिल्म कंपनीच्या जुन्या जागेत शांताराम पाँड हे तळं अजून आहे. याच शहरातल्या लोकांनी तळ्यात नद्या आणि समुद्र उभे केले. फक्त धरणाच्या पाण्याला दर्याचा हेलकावा नसतो. तिथे लाट बारीक आणि घाईची, दर्यावर ती लांब आणि संथ. होडीच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी करून सावकाश, श्वासाच्या लयीत, झुलवायला लावा. आणि चौकट जवळची ठेवा, पाण्याची कड दिसू देऊ नका. खऱ्या समुद्रावर गेलात तर सगळ्यांना लाईफ जॅकेट, कॅमेरावाल्यालाही, खलाशांनाही. सिनेमासाठी कुणाचा जीव जाता कामा नये.

परत येणाऱ्यांचा सिनेमा करायचा हट्ट असेल तर तोही करा, त्यालाही आधार आहे. डिसेंबर 2017 मध्ये ओखी वादळात भरकटलेल्या केरळ आणि तमिळनाडूच्या 68 होड्या, 952 माणसं घेऊन सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला सुखरूप लागल्या. इथे त्यांना जेवण मिळत होतं तेव्हा तिकडे चर्चच्या आवारात बायका बसून होत्या. तो पहिला फोन लागण्याआधीचा एक तास, एवढ्यावरही एक सिनेमा होईल.

एक विनंती करते आणि थांबते. 31 जुलैच्या आत हर्णैला या. तेव्हा होड्या वर ओढून, शाकारून ठेवलेल्या असतात. आत शिरून खण बघता येतो, टोप कुठे लोळेल ते कळतं, आणि होडी जमिनीवरच असल्यामुळे भाडंही कुणी फार मागत नाही. तांडेल तेव्हा मोकळे असतात, सावलीत जाळी विणत बसतात आणि बोलतात. 1 ऑगस्टनंतर त्यांना मान वर करायला वेळ नसतो. पटकथा सोबत आणा आणि त्यांच्यापुढे मोठ्यानं वाचा. जिथे ते हसतील तिथे खूण करून ठेवा. जिथे ते उठून पाणी प्यायला जातील, तो प्रसंग काढू नका.

मावशीशी मी बोलले आहे. भेटायला तयार आहे, कॅमेरा पहिल्या दिवशी नको म्हणते. बाबा आता नाहीत, पण वाटी धरणारा तो धाकटा खलाशी आहे. साठी उलटली त्याची, नातवंडं आहेत, अजून जाळी विणतो. कुठल्याही शनिवारी स्वारगेटहून दापोलीची एसटी धरू. मी सोबत येईन. पायात बूट नकोत, होडीत अनवाणीच चढायचं असतं.

तुमची,
हर्णैची एक तांडेलाची मुलगी,
सध्या मुक्काम पुणे